बोलून गेलेला शब्द आणि रिकामे घर

'होम अलोन' हा अमेरिकन चित्रपट १६ नोव्हेंबर १९९० रोजी प्रदर्शित झाला, त्याला आता तीन दशकांहून अधिक काळ लोटला आहे. एवढ्या अवधीत विनोदी चित्रपट सहसा शिळे होतात. करुण कथा टिकते, युद्धकथाही टिकते. पण विनोदाला काळाची दृष्ट फार लवकर लागते. कालच्या हसण्याची आज अनेकदा लाजच वाटते. हा चित्रपट मात्र दर नाताळात नव्याने पाहिला जातो. त्या वेळी आठ-दहा वर्षांची असलेली मुले आज स्वतः आईवडील झाली आहेत आणि आपल्या मुलांना शेजारी बसवून तीच गोष्ट पुन्हा पाहत आहेत. पोलंड या कॅथलिक परंपरेच्या देशात तर नाताळच्या रात्रीच्या भोजनाइतकाच हा चित्रपटही रिवाजाचा भाग होऊन बसला आहे. २०१० साली तेथील 'पोलसाट' या दूरचित्रवाणी वाहिनीने यंदा हा चित्रपट दाखवणार नाही असे जाहीर केले, तेव्हा प्रेक्षकांनी एवढा निषेध केला की वाहिनीला माघार घ्यावी लागली. २०२३ मध्ये अमेरिकेच्या काँग्रेस ग्रंथालयाने जतन करण्याजोग्या चित्रपटांच्या राष्ट्रीय सूचीत त्याचा समावेश केला.

हे सारे कशामुळे? रूढ उत्तर सर्वांना पाठ आहे. एक चिमुरडा मुलगा दोन भामट्यांची जी फटफजिती करतो, तिच्यामुळे. तापून लाल झालेली दाराची मूठ, दोरीला बांधून जिन्यावरून सोडलेले रंगाचे डबे, बर्फाने निसरड्या केलेल्या पायऱ्या, खिडकीखाली पसरलेले नाताळवृक्षाचे काचेचे गोळे. मुले या प्रसंगांची वाट पाहत बसतात, हे खरेच आहे. तथापि चित्रपटाची लांबी एक तास त्रेचाळीस मिनिटांची आहे आणि ही धुमश्चक्री त्यातील शेवटची वीसेक मिनिटे चालते. केवळ तेवढ्यावर एखादी कलाकृती तीस-पस्तीस नाताळ तग धरू शकत नाही. तसे असते तर १९९२ साली याच मंडळींनी काढलेला दुसरा भाग पहिल्याहून अधिक लोकप्रिय ठरायला हवा होता, कारण त्यात मारधाड दुप्पट आहे. तो भाग लोक पाहतात, पण जीव लावतात तो पहिल्यालाच. प्रस्तुत लेखकाच्या मते याचे कारण चोरांच्या प्रसंगात सापडणारे नाही. ते त्यापूर्वीच्या एका संथ प्रसंगात, चर्चमधल्या एका बाकावर सापडते.

कथानक बहुतेकांना ठाऊक आहे, तरी त्यातले काही तपशील पुन्हा डोळ्यांसमोर आणणे आवश्यक आहे. शिकागोच्या उत्तरेकडील विनेटका या श्रीमंत उपनगरातील मॅकॅलिस्टरांचे ते भले मोठे घर. नाताळसाठी पॅरिसला जायला दोन कुटुंबे तिथे जमली आहेत. चार मोठी माणसे, अकरा मुले. पहिली दहा मिनिटे या घरात कोणी कोणाचे पुरते ऐकून घेत नाही. आठ वर्षांचा केविन प्रत्येकाकडे काही ना काही विचारायला जातो आणि प्रत्येक जण त्याला दुसऱ्याकडे पिटाळतो. पोलिसाचा वेष करून आलेला चोर दिवाणखान्यात उभा राहून घराची टेहळणी करतो, त्याच्याकडेही कोणाचे लक्ष नाही. मग जेवणाच्या वेळी थोरला भाऊ बझ केविनच्या वाटणीचा पिझ्झा मुद्दाम खाऊन टाकतो, झटापट होते, दूध सांडते, विमानाची तिकिटे भिजतात. फ्रँककाका सर्वांदेखत मुलाला टाकून बोलतात. सांडलेले दूध पुसता पुसता कागदी रुमालांच्या बोळ्यांबरोबर केविनचे प्रवासपत्रही कचऱ्यात जाते. ही गोष्ट पडद्यावर निमिषभरच दिसते आणि कोणीही तिच्यावर बोट ठेवत नाही. पहिल्या खेपेला ती बहुतेकांच्या नजरेतून निसटते. मुलगा घरातून हरवला तो दुसऱ्या दिवशी सकाळच्या घाईत, असे आपण समजतो. वास्तविक तो आदल्या रात्रीच, घरच्यांच्या समक्ष, टेबल पुसताना हरवला होता.

त्यानंतरचा जिन्यावरचा संवाद हा साऱ्या कथेचा पाया आहे. आई केट त्याला शिक्षा म्हणून माळ्यावरच्या खोलीत झोपायला पाठवते. मुलगा रागाने म्हणतो की मला या घरातले कोणीच पुन्हा दिसू नये. आई त्याला समजावत नाही. तीही दिवसभराच्या दगदगीने वैतागलेली आहे. ती म्हणते, पुन्हा म्हण, कदाचित तसे होईलही. आणि मुलगा पुन्हा म्हणतो.

अशी वाक्ये कोणत्या घरात उच्चारली जात नाहीत? संतापाच्या भरात बोललेल्या शब्दाला आपण फारसे महत्त्व देत नाही. सकाळ झाली की चहाबरोबर ते विरघळून जातात अशी आपली समजूत असते. या चित्रपटाने एवढेच केले की, ती सकाळ येऊ दिली नाही. रात्री वाऱ्याने विजेच्या तारा तुटल्या, गजराची घड्याळे बंद पडली, मंडळी उशिरा उठली, शिरगणती करताना शेजारचा एक उपटसुंभ पोरगा आपल्यातलाच म्हणून मोजला गेला आणि विमान सुटले. योगायोगांची ही साखळी पटकथाकार जॉन ह्यूज यांनी इतक्या चोख पद्धतीने ओवली आहे की प्रेक्षक कुरकुर न करता ती मान्य करतो. माळ्यावरून खाली आलेल्या केविनला घर रिकामे दिसते. आपणच शब्दाने घरच्यांना नाहीसे केले, अशी त्याची खात्री पटते. आधी तो घाबरतो आणि मग, कालचे अपमान आठवून, खूश होतो.

इथे ह्यूज यांच्या बालमनाच्या जाणकारीचे कौतुक केले पाहिजे. एकटेपणाचा आनंद त्यांनी खोटा दाखवलेला नाही. पलंगावर उड्या मारणे, आइस्क्रीमचा ढीग पुढ्यात घेऊन मोठ्यांचा चित्रपट पाहणे, बझच्या खोलीतल्या वस्तूंची उलथापालथ करणे, हे सुख खरोखरचे सुख आहे. नाताळवर उपदेशपर कथा लिहिणारे आपले लेखक नेमके इथेच चुकतात. त्यांच्या कथेतले मूल पहिल्या पानापासूनच पश्चात्तापाने झुरत असते, आणि म्हणून कोणत्याच मुलाला ते आपले वाटत नाही. केविन आधी मनसोक्त मजा करतो. मग हळूहळू त्याला दात घासण्याचा ब्रश विकत आणावासा वाटतो, कपडे धुवावेसे वाटतात, दूध आणावेसे वाटते. दुकानातल्या बाईला तो विचारतो की हा ब्रश दंतवैद्यांच्या संघटनेने मान्य केलेला आहे का. हसू येते, पण त्या हसण्याखाली एक गोष्ट घडत असते. घरातले कोणी नसताना हा मुलगा घरातल्या सर्वांची कामे एकेक करून स्वतःच करू लागला आहे. तळघरातल्या भट्टीला तो राक्षस समजून घाबरत होता. कपडे धुवायला तिथे उतरावे लागते, तेव्हा तिलाही तो दटावून गप्प करतो.

तिकडे विमानात आईला काहीतरी विसरल्यासारखे वाटत राहते आणि अखेर ती मुलाचे नाव घेऊन किंचाळते. फ्रँककाका तिचे सांत्वन करतात ते असे की, मीही माझा वाचायचा चष्मा विसरून आलो आहे. एका वाक्यात माणूस उभा करणे याला म्हणतात.

येथे कॅथलिक वाचकाला संत लूकच्या शुभवर्तमानातील दुसरा अध्याय आठवल्यावाचून राहणार नाही. पवित्र मरिया व योसेफ वल्हांडण सणाहून परतत असताना बारा वर्षांचा येशू येरुशलेमेतच मागे राहतो. तो सोबतीच्या लोकांत असेल असे समजून आईबाप एक दिवसाची वाट चालून जातात, मग नातेवाइकांत त्याला शोधतात आणि तीन दिवसांनी तो मंदिरात सापडतो. पवित्र कुटुंबाच्या सणाला हे वाचन आपण अनेकदा ऐकले आहे. मूल हरवते ते एकाकी रस्त्यावर नाही, आप्तेष्टांच्या घोळक्यात हरवते. प्रत्येकाला वाटते की ते दुसऱ्या कोणाबरोबर असेल. हे निरीक्षण ज्या शुभवर्तमानकाराने नोंदवले त्याला एकत्र कुटुंबाचा प्रवास चांगलाच ठाऊक असला पाहिजे. हे साम्य फार ताणू नये. मंदिरातला तो पुत्र आपल्या पित्याच्या घरी होता. विनेटकाचा केविन पिझ्झा मागवत होता. पण आईच्या काळजाची गोष्ट दोन्हीकडे तीच आहे, आणि चित्रपटाच्या कर्त्यांच्या मनात ती असो वा नसो, आपल्या मनात ती जागी होते. पुढे हा हरवलेला मुलगाही, आई येण्याच्या आदल्या संध्याकाळी, चर्चमध्येच जाऊन बसतो.

केटच्या परतीच्या प्रवासावर समीक्षकांनी फारसे लिहिलेले दिसत नाही. पॅरिसच्या विमानतळावर एका वृद्ध जोडप्याला ती पैसे, घड्याळ, कानातले असे जे अंगावर आहे ते देऊन त्यांच्या तिकिटावर निघते. डॅलस, मग स्क्रँटन. तिथे विमान नाही. शेवटी पोल्का वाजवणाऱ्या वादकांच्या एका भाड्याच्या गाडीत बसून ती बर्फातून रात्रभर प्रवास करते. त्या वादकांचा म्होरक्या गस पोलिन्स्की ही भूमिका जॉन कँडी यांनी एकाच दिवसाच्या चित्रीकरणात उरकली. आपण एकदा आपल्या मुलाला अंत्यविधीच्या ठिकाणी विसरून आलो होतो, ही जी भयंकर हकिगत गस तिला दिलासा म्हणून सांगतो, ती कँडी यांनी आयत्या वेळी रचलेली होती असे सांगितले जाते. तिची विनोदी चव ओळखणे सोपे आहे. मात्र ती ऐकताना कॅथरिन ओहारा यांचा चेहरा पाहावा. आपण वाईट आई आहोत हे कोणीतरी नाकारावे म्हणून ती बोलते आणि समोरचा भला माणूस आपणही तसेच आहोत असे सांगून तिला सोबत देतो. याहून चांगले सांत्वन त्या रात्री तिला दुसरे कोण देऊ शकले असते?

आणि या साऱ्या यातायातीचे फलित काय? ती नाताळच्या सकाळी घरी पोहोचते आणि अवघ्या काही मिनिटांत उरलेले कुटुंब पॅरिसहून सकाळच्या विमानाने सरळ, आरामात येऊन दारात उभे राहते. ती पॅरिसमध्येच थांबली असती तरी जवळपास त्याच वेळी पोहोचली असती. व्यवहाराच्या हिशेबाने तिचे दागिने, पैसे, झोप सारे वाया गेले. चित्रपट हा विनोद म्हणून सांगतो आणि पुढे जातो. पण त्या काही मिनिटांसाठीच तर तिने सारा खटाटोप केला होता. त्या मिनिटांत आई आणि मुलगा दोघेच समोरासमोर असतात. ती माफी मागते. तो क्षणभर चेहरा कोरा ठेवून तिला ताटकळत ठेवतो. मग हसतो. ही भेट अकरा मुलांच्या गलक्यात झाली असती तर तिचे मोल काय राहिले असते, याचा विचार वाचकांनीच करावा.

एक आक्षेप इथेच नोंदवून ठेवतो. मुलाचे वडील पीटर पॅरिसमध्येच राहतात. फोन करतात, काळजी करतात, पण अपराधाचे ओझे चित्रपटाने एकट्या आईच्या डोक्यावर दिले आहे. मूल विसरले ते दोघांनी, आणि प्रायश्चित्त घ्यायचे ते तिने. हे अमेरिकेतच घडते असे समजण्याचे कारण नाही. आपल्या घरांतही मुलाला ताप आला की प्रश्न कोणाला विचारला जातो, हे सर्वांना माहीत आहे.

आता त्या बाकाकडे वळू. शेजारच्या घरात मार्ली नावाचा एकलकोंडा म्हातारा राहतो. रोज रात्री तो रस्त्यावर मीठ पसरतो, हातात फावडे असते. याने आपल्या कुटुंबाचा खून केला, अशी वावडी बझने मुलांत पिकवली आहे. चार्ल्स डिकन्स यांची १८४३ सालची नाताळकथा वाचलेल्यांना मार्ली हे नाव ओळखीचे वाटेल. तिथे ते एका भुताचे आहे. केविन या माणसाला पाहून दोनदा पळ काढतो. औषधाच्या दुकानात तर त्याच्या भीतीने हातातल्या ब्रशचे पैसे न देताच धावत सुटतो, म्हणजे त्या वावडीने एका निष्पाप मुलाला चोर बनवले. नाताळच्या पूर्वसंध्येला केविन चर्चमध्ये शिरतो. गायकवृंदाचा सराव चालू आहे. तो मागे एका बाकावर बसतो आणि मार्ली त्याच्याजवळ येऊन बसायला परवानगी मागतो.

ऐकण्यासारखी गोष्ट अशी की मार्लीचे हे पात्र मूळ पटकथेत नव्हते. दिग्दर्शक ख्रिस कोलंबस यांनी ते नंतर घातले, कथेला गंभीर बाजू मिळावी आणि शेवट निव्वळ दंगामस्तीवर होऊ नये म्हणून. एका अर्थी आपण दरवर्षी जो चित्रपट पाहतो तो या दुरुस्तीमुळे घडला आहे. कोलंबसांच्या नावाचा एक दर्यावर्दी भलत्याच किनाऱ्याला लागून प्रसिद्ध झाला होता. या कोलंबसांना मात्र हवा तो किनारा बरोबर सापडला.

काय बोलतात ते दोघे? मार्लीची नात त्या गायकवृंदात आहे. तिचे गाणे ऐकायला तो सरावाच्या वेळी आला आहे, कारण रात्रीच्या उपासनेला तिचा बाप, म्हणजे याचा मुलगा, येणार आणि तिथे याला स्थान नाही. फार वर्षांपूर्वी बापलेकांचे भांडण झाले. बाप म्हणाला, मला तुझे तोंड पाहायचे नाही. मुलगाही तेच म्हणाला. त्यानंतर बोलणे नाही. प्रेक्षकाने इथे थबकले पाहिजे. हे शब्द आपण आधी ऐकलेले आहेत. जिन्यावर उभा राहून आठ वर्षांचा केविन हेच तर म्हणाला होता. फरक एवढाच की केविनच्या शब्दाला दोन-तीन दिवस झाले आहेत आणि मार्लीच्या शब्दाला कित्येक वर्षे. बाकावर शेजारी बसलेला म्हातारा म्हणजे, वेळेत माफी मागितली नाही तर केविनचे जे होईल, ते आहे. डिकन्सच्या मार्लीनेही आपल्या जिवंत भागीदाराला हाच इशारा देण्यासाठी साखळदंड ओढत जिना चढला होता.

दोघेही आपापली कबुली देतात. केविन म्हणतो की मी यंदा घरच्यांशी वाईट वागलो, बोलू नये ते बोललो, आणि म्हणूनच इथे आलो. मार्ली म्हणतो की माणसाच्या मनात घरच्यांविषयी माया असतेच, पण ती आहे याचा त्याला विसर पडतो. मग मुलगा अगदी साधा प्रश्न विचारतो: आठवण येते, तर फोन का करत नाही? म्हातारा सांगतो की तो बोललाच नाही तर, याची भीती वाटते. भीती बाळगण्याचे तुमचे वय आहे का, असे केविन विचारतो आणि मार्ली उत्तरतो की भीतीला वय नसते. तळघरातल्या राक्षसाची गोष्ट केविन मग त्याला सांगतो. दिवा लावून पाहिले तर तिथे काहीच नव्हते. या गंभीर बोलण्यातच आजी-आजोबा भेट म्हणून नेहमी कपडेच पाठवतात, अशी केविनची तक्रारही येते आणि प्रसंग रडका होता होता वाचतो.

हा संवाद पाहताना प्रायश्चित्त संस्काराची आठवण होते, यात नवल नाही. तिथे धर्मगुरू नाही, पापमोचन नाही, जाळीही नाही. दोन माणसे शेजारी बसून समोर पाहत बोलतात, एकमेकांकडे फारसे न पाहता. रॉबर्ट्स ब्लॉसम हे रंगभूमीवरचे मुरलेले नट. त्यांनी हा प्रसंग आवाज न चढवता केला आहे. मॅकॉली कल्किन त्या वेळी नऊ वर्षांचा होता. त्याच्या भुवयांच्या नाट्याची एवढी प्रसिद्धी झाली की या प्रसंगात तो किती स्तब्ध बसून ऐकतो हे कोणी सांगत नाही. ज्या मुलाचे घरात कोणी ऐकले नाही, तो इथे दुसऱ्याचे ऐकून घेतो.

जाता जाता एक गंमत. पडद्यावर जे एकच चर्च दिसते ते प्रत्यक्षात दोन आहेत. बाहेरचा भाग विल्मेटच्या एका मेथडिस्ट चर्चचा, आतला भाग ओक पार्कच्या एका एपिस्कोपल चर्चचा. ख्रिस्ती ऐक्यासाठी परिषदा भरवणाऱ्यांनी छायाचित्रणकाराची ही युक्ती लक्षात घ्यावी. तसेच, केविन उठून घराकडे धावतो तेव्हा घंटानादासारखे जे गीत घुमते, ती चाल युक्रेनचे संगीतकार मिकोला लेओन्तोविच यांनी बांधलेली. एका लोकगीतावर रचलेली ती रचना १९१६ साली प्रथम गायली गेली आणि मूळ शब्दांत येशूजन्माचा उल्लेखही नव्हता. नवीन वर्षाचे ते गाणे पुढे इंग्रजी शब्द लेवून नाताळचे झाले. चित्रपटाचे बाकी संगीत जॉन विल्यम्स यांचे. पार्श्वसंगीत आणि लेस्ली ब्रिकस यांच्या शब्दांतले गीत, या दोहोंसाठी ऑस्करचे नामांकन मिळाले होते. विल्यम्स यांनी चोरांच्या मागे खट्याळ सूर लावला आणि घराच्या मागे अंगाईचा, आणि हे दुसरे सूर नसते तर हा चित्रपट नाताळचा वाटलाच नसता.

याच चर्चच्या आवारातला आणखी एक प्रसंग आधी येऊन गेलेला असतो. चोरांची गाडी केविनच्या मागे लागते आणि तो नाताळच्या गोठ्यात शिरतो, पुतळ्यांमध्ये पुतळ्यासारखा उभा राहतो. चोरांना तो दिसत नाही. तो चर्चमध्ये गेला असेल, असे त्यांना वाटते, पण आत जायला दोघेही कचरतात. बेघर कुटुंबाचा तो गोठा, आणि घर असून बेघर झालेले मूल त्यात आसरा घेते. दिग्दर्शकाने यावर एक शब्दही उच्चारलेला नाही, संगीत उंचावलेले नाही. चोर निघून गेले की मुलगाही तिथून निघतो. उपदेश करण्याची अशी संधी सोडून देणे हे प्रत्येकाला जमत नाही.

आता टीकेचे मुद्दे. शिकागोचेच नामांकित समीक्षक रॉजर ईबर्ट यांनी या चित्रपटाला चारपैकी अडीच तारे दिले होते. मुलाने एवढे सापळे रचणे असंभाव्य आहे, असा त्यांचा आक्षेप होता. तो बिनतोड आहे. प्रत्यक्षात तसा एक रंगाचा डबा डोक्यात बसला तर माणूस उठणार नाही. लॉरेल-हार्डी किंवा टॉम आणि जेरी यांच्या जगात दुखापत टिकत नाही, आणि शेवटच्या वीस मिनिटांत हा चित्रपट त्या जगात जातो. धाकट्या मुलांबरोबर पाहताना मोठ्यांनी शेजारी असावे, इतपत सावधगिरी योग्यच. मला मात्र हिंसेहून वैभव अधिक खटकते. लाल-हिरव्या रंगात न्हालेले ते घर, पंधरा जणांचा पॅरिस प्रवास, घरात पडलेले पैसे. चोर शेवटी गरीबच आहेत, आणि गरिबांच्या फजितीवर श्रीमंतांचे मूल विजय मिळवते, अशा रीतीनेही ही कथा वाचता येते. चित्रपटाला या प्रश्नाची जाणीव नाही. नाताळला वस्तूंचा सण करून टाकणाऱ्या समाजातच तो जन्मला आहे. तरीही एक गोष्ट त्याच्या बाजूने सांगितली पाहिजे. केविन नाताळबाबाच्या वेषातल्या माणसाला गाठतो, तेव्हा तुम्ही खरे नाही हे मला माहीत आहे पण निरोप पोहोचवा, असे सांगून तो खेळणी मागत नाही. घरचे परत मागतो. घाईत असलेला तो माणूस मुलाच्या हातावर गोळ्या ठेवतो, त्याच्याजवळ तेवढेच असते.

दुसऱ्या भागात, न्यू यॉर्कमध्ये, हेच सारे पुन्हा घडवले आहे. म्हाताऱ्याच्या जागी कबुतरांना दाणे घालणारी बाई आली, चर्चच्या जागी कार्नेगी हॉलचा पोटमाळा. ब्रेंडा फ्रिकर या थोर अभिनेत्री आहेत, पण तिथे केविन तिला जे सांगतो ते त्याच्या स्वतःच्या जखमेतून आलेले नाही. पहिल्या खेपेला शिकलेला धडा तो वाचून दाखवतो. त्यामुळे छपरावरून फेकलेल्या विटा नुसत्याच विटा राहतात. पहिल्या चित्रपटात मात्र चर्चमधून परतलेला मुलगा घर राखायला उभा राहतो, तेव्हा तो कशासाठी उभा आहे हे आपल्याला ठाऊक असते. ज्या माणसांना त्याने शब्दाने घालवले, त्यांच्यासाठी त्याला ते घर जागेवर ठेवायचे आहे. म्हणून सापळे विनोदी असूनही पोकळ वाटत नाहीत. आणि अखेर ते पुरे पडत नाहीत, हेही महत्त्वाचे. चोर त्याला पकडून खुंटीला अडकवतात. वाचवतो तो मार्ली, त्याच फावड्याने, ज्याची मुलांनी एवढी धास्ती घेतली होती.

पॅरिसच्या घरात अडकलेली मुले दूरचित्रवाणीवर फ्रँक काप्रा यांचा १९४६ सालचा 'इट्स अ वंडरफुल लाइफ' फ्रेंच भाषेत पाहताना दिसतात. त्या चित्रपटातही एक माणूस मागे उरलेल्या जगातून स्वतःला पुसून टाकण्याची इच्छा व्यक्त करतो आणि ती खरी होते. इथे मुलाने इतरांना पुसून टाकले आहे. ह्यूज-कोलंबस यांनी आपले ऋण अशा रीतीने एका कोपऱ्यात मांडून ठेवले.

शेवटी सारे परतल्यावर केविन चोरांबद्दल अवाक्षरही काढत नाही. तो सांगतो की मी बाजारातून दूध आणले, अंडी आणली. भाऊबंद थक्क होतात. जमिनीवर वडिलांना एक सोन्याचा दात सापडतो, त्याचा अर्थ त्यांना लागत नाही. केविन खिडकीशी जातो. बाहेर बर्फ पडते आहे. मार्ली नातीला उचलून घेतो, शेजारी त्याचा मुलगा आणि सून उभी आहेत. फोनवर काय बोलणे झाले, आधी कोण बोलले, हे चित्रपट सांगत नाही. म्हातारा खिडकीकडे पाहून हात हलवतो, मुलगाही हलवतो. तेवढ्यात वरून बझची आरोळी येते, माझ्या खोलीची काय दशा केलीस म्हणून, आणि केविन पळत सुटतो.